ओटीतला अभ्यास

मखमलाबादची प्रतिभा लायसनच्या परीक्षेला बसणार, याचा सगळ्यात जास्त आनंद प्रतिभालाच झाला होता आणि तो तिला लपवताही येत नव्हता. मळ्यातला झेंडू बाजारात न्यायला घरी टेम्पो होता, पण चालवणारा घरचा नव्हता. नवरा सावळीराम स्टिअरिंग हातात आलं की घामाघूम व्हायचा. एकदा त्याने टेम्पो थेट पाटाच्या पाण्यात घातला आणि त्या दिवसापासून गाडीपुढे हात जोडले. मग यादवला ड्रायव्हर ठेवलं. यादव मनाचा चांगला, पण यायचा स्वतःच्या सवडीने. तोवर तोडलेला झेंडू मलूल व्हायचा आणि फुलबाजारातले व्यापारी नाक मुरडायचे. प्रतिभा मळ्याच्या वाटेवर टेम्पो झकास हाकायची. अडलं होतं ते फक्त कागदापाशी. दसऱ्याच्या आत शिकाऊ लायसन हातात पाहिजे म्हणजे पाहिजेच, असं तिने ठरवून टाकलं.

प्रश्न मराठीत वाचून दाखवणारं ॲप मोबाइलवर मिळालं, मग काय विचारता! झेंडू तोडायला दोन्ही हात लागतात. फुलं टाकायला कमरेला लुगड्याची ओटी बांधलेली असते, प्रतिभाने मोबाइलही त्यातच सोडला. वरून फुलं पडायची आणि आतून एक बाई गोड आवाजात विचारायची, "खालील चिन्ह काय दर्शवते?" मग पर्याय, मग बरोबर उत्तर. थोड्याच दिवसांत पर्याय संपायच्या आत प्रतिभा ओरडायला लागली, "हॉर्न वाजवण्यास मनाई!"

"अगं, हळू बोल की," शेजारच्या सरीतून सावळीराम म्हणायचा.

"का हळू? सगळं तोंडपाठ हाय माझं!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी फुलं विकून परत येताना ती टेम्पोत यादवच्या शेजारी बसली होती. यादवने गाणी मोठ्याने लावलेली, म्हणून ॲपमधली बाई काही ऐकू येईना. प्रतिभाने पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं. तिथे लाल काठाचा उलटा त्रिकोण होता. तो कशाचा, हे तिला अजिबात सांगता येईना. पुढचं चित्रही तसंच, त्याच्या पुढचंही. इतके दिवस सगळी चित्रं झेंडूखाली दडलेली होती आणि हिने फक्त पर्यायांची चाल पाठ केली होती!

"मेले रे यादव! मी एक पण चिन्ह बघितलेलं नाय!"

यादव इतका हसला, की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग तिचा पडलेला चेहरा बघून त्याने गाणी बंद केली. "वहिनी, रडू नका. चिन्हं काय मोबाइलमध्येच असत्यात का? रस्ताभर उभी हायेत. चला, गाडी फिरवतो."

दुपारभर टेम्पो नाशिकभर हिंडला. पाटी दिसली की यादव वेग कमी करायचा आणि प्रतिभा खिडकीतून अर्धी बाहेर येऊन अर्थ सांगायची. चुकली की तो मान हलवायचा, बरोबर आलं की हॉर्न द्यायचा. हॉर्नला मनाई करणाऱ्या पाटीखालीही त्याने तो दिला, तेव्हा प्रतिभाने त्याला चांगलंच झापलं. तिला इतकी मजा येत होती, की भीती कुठल्या कुठे पळाली.

दुसऱ्या दिवशी आरटीओत संगणकासमोर बसल्यावर तिने आधी पदराला हात पुसले. तेवढ्यात समोर तोच उलटा त्रिकोण आला. काल नाक्याजवळ याच पाटीखाली यादवने मोटारवाल्याला वाट दिली होती. 'वाट द्या'! तिने त्या उत्तरावर बोट ठेवलं. मग पुढची उत्तरं आपोआप सुचत गेली. पडद्यावर 'उत्तीर्ण' आलं, तेव्हा ती एवढ्या जोरात "आलं!" म्हणाली, की सगळा हॉल वळून बघायला लागला.

लायसनचा कागद आणि लाल 'एल' घेऊन ती जवळजवळ पळतच बाहेर आली. यादव स्टिअरिंगवर मान टाकून झोपला होता. तिने काचेवर एल चिकटवला आणि त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडं."

यादव डोळे चोळत सरकला. त्याने आधी स्वतःचा पट्टा लावला. प्रतिभाने किल्ली फिरवली आणि जन्मात पहिल्यांदा डांबरी रस्त्यावर गाडी घातली.