तासाभराचं विमान

रसवंतीवर भुशातला बर्फ फोडला, की त्या ओल्या वासासरशी मला नांदेडजवळच्या डोंगरकडा गावातलं आमचं अंगण दिसतं. त्या दिवशी पहाटे आई गेली होती, तिला बर्फावर ठेवलं होतं. कोल्हापूरचा धाकटा भाऊ एसटीत बसला होता, संध्याकाळपर्यंत पोचला असता. पण मोबाईल कोल्हापूर ते नांदेड विमानाला एक तास दाखवत होता, म्हणून मीच त्याला खाली उतरवलं. विमानतळावरून त्याचा फोन आला, "ताई, विमान रोज नसतंय, आज न्हाईच." चुलते म्हणाले, "दिस मावळायच्या आत माती करावी लागंल, बाई." दुसऱ्या दिवशी तो एसटीनं गावाजवळच्या वारंगा फाट्यावर उतरला, तेव्हा चितेची राखही निवली होती. "आईच्या तोंडात पानी घालायचं ऱ्हायलं," एवढंच तो बोलला. मी अजूनही कधीकधी कोल्हापूर ते नांदेड टाकून बघते. मोबाईल एकच तास दाखवतो.