मशीन थांबलं की

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगकाठी तशीच, आणि कागदाला कागद जोडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जुने निकाल शोधायचं काम तिचं, ते अशिलाला समजावायचं काम मोठ्या वकीलबाईंचं. त्या दिवशी मात्र बाई म्हणाल्या, "सुतारांना उद्या तू सांग. मी नुसती बसते."

सुतारकाकांवर शेजाऱ्याने दावा लावला होता. यंत्राचा आवाज सहन होत नाही, कारखाना बंद करा. काका इतके धास्तावले होते, की आपणच बंद करतो असं लिहून द्यायला निघाले होते.

टाचणीची एक रीत होती. सांगायचं ते आधी आईला सांगायचं. आई शिवणकाम करायची. समजत गेलं तर मशीन चालू, अडलं की पाय थांबायचा. "हं, पुन्हा सांग." त्या संध्याकाळी मशीन अडखळत अडखळत शेवटी एका दमात चाललं होतं.

पण दुसऱ्या दिवशी वकीलबाई बाजूला बसलेल्या पाहून टाचणीची गाडी घसरली. कलमं, तारखा, निकालांची लांबलचक नावं. काका टोपी बोटावर फिरवत होते. टोपी थांबली. तिला आईचा पाय आठवला. तिने फाइल मिटली.

"काका, आधी वाईट सांगते. एका कोर्टाने असाच कारखाना बंद केलाय. तो माणूस रात्री यंत्र चालवायचा. तुम्ही चालवता?"

काकांनी खाली पाहिलं. सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "चालवतात. पण घरात माझं कोर्ट कोण मानतंय?"

"मग आजपासून अंधार पडला की बंद. आता चांगलं. तुमच्यासारखा कारखाना आधीचा आणि शेजाऱ्याचं घर नंतरचं, अशा प्रकरणांत कोर्टाने वेळ ठरवून दिलीय, टाळं लावलं नाही. जिंकूच असं म्हणत नाही. पण घाबरून सोडण्यासारखं नाही."

काकांनी मान डोलावली, कितीतरी वेळ. बाहेर जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं. "रात्रीचं काम बंद. आपण आधीचे, तो नंतरचा. अशात कोर्ट वेळ बांधून देतं, टाळं लावत नाही. जिंकूच असं नाही, पण लढायचं."

एक शब्द चुकला नव्हता. बाई म्हणाल्या, "आता अशील आला, की तुझी खुर्ची इथे."

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"कुठे अडलं?"

"अडलं नाही कुठे," आई म्हणाली. "खुर्चीचं पुन्हा सांग."