खाकी कापडाची कच्ची कड

आधी बाईंचं सांगते, मग माझ्या पराक्रमाचं. बाई म्हणजे आमच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. शाळेत गाइडचं पथक चालवायच्या. आता स्काउट-गाइडचे जुने कापडी बिल्ले जमवतात. मी वाशीमकडची, सातवीत शाळा सोडलेली, शनिवार पेठेत अल्टरेशनचं काम करणारी. या शहरात मला "जेवलीस का?" विचारणारं माणूस एकच. म्हणून गुरुवारी दुकानाला सुट्टी असली तरी मी बिबवेवाडीहून येते आणि त्यांचा जिना चढते.

मागे एकदा बाईंनी सात बिल्ले दिले. "प्रदर्शनाला लावायचेत. एका कापडावर टाचून दे."

सहा ठीक होते. सातव्याच्या कडा कच्च्या, सुतं लोंबत होती. असं काम गिऱ्हाइकाला दिलं तर मालक मला गावी पाठवतील. मी सुतं छाटली, कडा आत दुमडल्या, बारीक तुरपाई केली, वरून इस्त्री फिरवली आणि शाबासकी घ्यायला वर गेले.

बाईंनी चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.

"हे आपण केलंत?"

एरवी बाई मला 'अगं' म्हणतात. 'आपण' ऐकलं तेव्हाच शाबासकीची आशा सोडली.

"हो बाई. लई सुतं निघत होती न."

"छान. आता जाता जाता शनिवारवाड्यालाही डिस्टेंपर मारून या."

मग कळलं. जुने बिल्ले खाकी कापडावर दोऱ्यानं भरायचे आणि नुसते कात्रीनं कापायचे. कच्ची कड दिसली की बिल्ला जुना, हे ओळखता येतं. ती खूणच मी दुमडून टाकली होती. आता हा जिना आपल्याला बंद, एवढंच डोक्यात. "उसवून देते," म्हटलं आणि तिथंच बसले.

उसवता उसवता थांबले.

"बाई, हा दोन शर्टांवर लागलेला आहे."

"काहून?" बाईंनी 'का गं' न म्हणता माझीच बोली मला ऐकवली.

"ही बारीक भोकं एका रेघेत आहेत, मशीनची. ही मोठी, वाकडीतिकडी, घरच्या सुईची. थोरल्याचा बिल्ला धाकट्याला लावला असंल."

"किंवा थोरलाच जाड झाला असेल. दर वेळी धाकटा कशाला हवा?" असं म्हणत त्यांनी भिंग काढलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "इतकी वर्षं माझ्याकडे आहे हा. मला नाही दिसलं." मग प्रत्येक बिल्ला कुठला, कसा ते लिहून ठेवलेली वही माझ्यापुढे सरकवली. "लिही."

"माझं अक्षर वाईट आहे."

"टाके सरळ घालतेस ना? मग लिही."

तीन ओळी लिहायला अर्धा तास लागला. निघताना घाबरतच विचारलं, "पुढच्या गुरुवारी येऊ?"

"ये. कात्री खाली ठेवून ये."

त्या वहीत आमच्या वाशीमकडचा एकही बिल्ला नाही. गावी गेले की शाळेत जाऊन विचारणार आहे. सातवीनंतर त्या फाटकातून आत गेलेली नाही. पण जाईन. एक तरी बिल्ला मिळवून बाईंच्या हातात ठेवीन, हा माझा शब्द.