नवी गिटार आणि कॅन्टीनमधला प्लग

गिटारच्या तारेला टेस्टर लावला आणि आतला दिवा पेटला. टेस्टर शर्टाला पुसला, परत लावला. परत पेटला. सव्वीस वर्षं फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, पण गिटारीच्या तारेत करंट बघायची वेळ पहिल्यांदाच आली. बरं, गिटार माझीच. आणून अकरा दिवस झालेले. आणि परवा तीच गळ्यात अडकवून मला सगळ्या युनिटसमोर उभं राहायचं होतं.

आधीचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल माणसाला ऊन लागलंय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. एका शेडमध्ये पॉवरलूम, दुसऱ्या शेडमध्ये शिलाई. टॉवेलच्या कडा मुडपून शिवायच्या मशिनी तिथं असतात आणि त्यांवर बायका बसतात. मोटारी, स्टार्टर, वायरिंग सगळं माझ्याकडे. लग्नाआधी मी एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. हळदी, गणपती, जत्रा, काही सोडायचो नाही. मग शिफ्ट मागे लागली, मुलगी झाली. गिटार एका मित्राला 'आठवडाभर' दिली, ती गेलीच. त्याला एकोणीस वर्षं झाली.

यंदा एप्रिलअखेर आमचे नरसय्यामामा रिटायर होणार होते. मामा जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो परत चालू करून देणारा माणूस. त्यांनी मला मागाजवळच गाठलं.

"माने, निरोपाला मला भाषण नको. शाल नको. तू गिटार वाजव, मी गाणं म्हणतो."

"मामा, हाताची सवय गेली आता."

"अय्यो! मी रिटायर होऊन गातोय, तुला वाजवायला काय झालं?"

हो म्हणून बसलो. आणि त्या दिवसापासून झोप गेली.

शहरात वाद्यांचं एक दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने भिंतीवरच्या चार गिटारी काढून दिल्या. मी एकेक हातात घेऊन डोळ्यासमोर आडवी धरली. गिटारीची मान सरळ आहे की वाकलीय, ते असं एका टोकाकडून बघितलं की कळतं. मग तारा पट्टीपासून किती उंच आहेत ते बघितलं. फार उंच असल्या तर बोटं मरतात, फार खाली असल्या तर तार खरखरते. खुंट्या पिळून बघितल्या. प्लग लावला. स्पीकरमधून बारीक घूं ऐकू आली. तारेला हात टेकला, घूं कमी झाली. म्हणजे आतलं जोडकाम बरोबर. इथपर्यंत मी राजा होतो.

मग वाजवायला घेतली आणि घाम फुटला. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायची एक जुनी कॉर्ड, म्हणजे सहाही तारांचे सूर एकदम, ती बसेचना. तीन तारा वाजल्या, तीन मुक्या. दुसरी गिटार घेतली, तेच. तिसरी, तेच. बिघाड गिटारीत की माझ्या हातात, हे ठरेना. मशीन असती तर पार्ट बदलून बघितला असता.

"तुम्हीच वाजवा जरा," मी दुकानदाराला म्हटलं.

त्याने तीच गिटार घेऊन तीच कॉर्ड मारली. काय सांगू, दुकान भरून गेलं. म्हणजे पार्ट माझाच खराब होता. लाल रंगाची ती गिटार आणि एक छोटा अँप्लिफायर घेऊन घरी आलो.

बायको बघतच राहिली. म्हणाली, "अहो, बोटं तरी वळतात का अजून?"

"वळतील."

"बघा बाई. चारचौघांत हसू नका करून घेऊ."

तिने माझ्याच मनातलं बोलून दाखवलं, म्हणून मला जास्त राग आला. रोज ड्युटीवरून आलो की तासभर बसायचो. बोटांची टोकं सोलली, मग निबर झाली. आठव्या दिवशी ती कॉर्ड पाच तारांवर बसली. घरी गिटारीची एकही तक्रार नव्हती, हे लक्षात ठेवा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मामांबरोबर प्रॅक्टिस ठेवली, कॅन्टीनमध्ये. आमच्या कॅन्टीनमध्ये देवाचा फोटो आहे, त्यामुळे चपला-बूट बाहेर काढायचा नियम. मी सेफ्टी शूज काढले, अनवाणी आत गेलो, भिंतीच्या बोर्डात अँप्लिफायरचा प्लग घातला आणि गिटारीच्या तारांना हात लावला. मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. वाटलं, घाबरल्यामुळे होतंय. तसाच माईककडे वाकलो, "हॅलो चेक" म्हणायला. ओठ माईकला टेकला आणि सटकन ठिणगी बसली. गिटार टाकणारच होतो, पट्टा गळ्यात होता म्हणून वाचली.

"काय झालं रे?" मामा.

"काही नाही. गिटार फॉल्टी निघाली."

हे वाक्य मी अगदी ठामपणे बोललो. फॅक्टरीचं वायरिंग माझं होतं ना! आपला तो बाब्या.

संध्याकाळी दुकानात गेलो ते भांडायच्याच तयारीने. "तुमच्या गिटारीला करंट येतोय. माणूस मेला असता."

दुकानदाराने गिटार घेतली, चप्पल काढली, प्लग लावला आणि तारांवरून हात फिरवला. काही नाही. मी लावला. काही नाही.

"साहेब, तारा गिटारीतून, केबलमधून, अँप्लिफायरमधून थेट प्लगच्या अर्थ पिनेला जोडलेल्या असतात," तो म्हणाला. "तारेत करंट आला तर तो प्लगातून आला. जिथं वाजवली तिथलं अर्थिंग बघून घ्या."

"मी इलेक्ट्रिशियन आहे."

"मग तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल."

गिटार उचलली आणि चालू लागलो. सबंध रस्ताभर त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होतो. एकही धड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तारेला टेस्टर लावला आणि तो पेटला, तो हा प्रसंग. मीटर काढला. तार आणि नळ यांच्यामध्ये ब्याऐंशी व्होल्ट.

अर्थिंग म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगतो. मशीनमधली वायर कुठं सोलली आणि मशीनच्या अंगाला टेकली, तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून दिलेली वाट. सगळ्या मशिनींची अंगं एका पट्टीला जोडतात. ती पट्टी एका खड्ड्यात जाते. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि एक प्लेट असते. खड्डा ओला ठेवावा लागतो, निदान आमच्याकडच्या उन्हाळ्यात तरी. कोरडा पडला किंवा पट्टी तुटली, की ती वाटच बंद. मग एका मशीनमधून सुटलेली वीज त्याच पट्टीने बाकीच्या सगळ्या मशिनींच्या अंगावर येऊन बसते. गिटारीवरसुद्धा.

म्हणजे गिटार चांगली होती. एरवी आनंद झाला असता. पण मला त्या क्षणी शोभाबाई आठवल्या.

शोभाबाई कुंभारीहून येतात, शिलाईच्या मशीनवर बसतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मला थांबवून सांगितलं होतं, "सायेब, मशीनला हात लावला की मुंग्या येत्यात बगा." मी गेलो होतो. मशीनवर पंजा ठेवला होता. मला काहीच जाणवलं नव्हतं. "काही नाही हो, चप्पल घालून बसा," म्हणालो आणि निघून आलो. पायडल नीट लागत नाही म्हणून त्या बायका चपला काढूनच बसतात, हे मला ठाऊक होतं. आणि माझ्या पायात रबरी सोलचे सेफ्टी शूज होते, हेही. रबरावर उभं राहून करंट तपासला होता मी. शिकाऊ माणसाने हे केलं असतं तर त्याला शेडबाहेर हाकललं असतं.

मामांना बोलावून टेस्टर त्यांच्या हातात दिला. "हा असा तारेला लावून धरा. फोन चालू ठेवा. दिवा विझला की सांगा."

मी पळत शिलाईच्या शेडमध्ये गेलो. बायका खाली माना घालून शिवत होत्या, सगळ्यांचे पाय उघडे. कुणालाही न विचारता मेन स्विच खाली ओढला. शेड शांत झाली. फोनवर मामा ओरडले, "विझला रे! विझला!"

वीज तिथूनच सुटत होती. सुपरवायझर धावत आला. शनिवारी कंटेनर जायचा होता, त्यामुळे तो बोलला ते छापण्यासारखं नाही. मी सरळ शेठच्या केबिनमध्ये गेलो.

"शेठ, दोन्ही शेड बंद ठेवाव्या लागतील. अर्थिंग गेलंय. बाया करंटवर बसल्यात."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"महिन्याला तपासणी होते ना? रजिस्टर आहे की."

"आहे. दर महिन्याला 'अर्थिंग ओके' लिहून सही केलीय मी."

"न बघता?"

"न बघता."

शेठनी रजिस्टर पुढे ओढून माझ्या सह्यांची पानं उलटली. सव्वीस वर्षांची नोकरी आज संपली, असं मी धरून चाललो. घरी काय सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा जुळवली.

"बंद ठेव," ते शेवटी म्हणाले. "आणि खड्डा माझ्यासमोर उकर."

उकरायला गेलो तर खड्डा सापडेना. कॅन्टीनमागे हात धुवायचा नळ होता, त्याचं पाणी वर्षानुवर्षं आपोआप खड्ड्यात जायचं. दिवाळीनंतर नळ पुढे हलवला आणि तिथं पेव्हर ब्लॉक टाकून टू-व्हीलर स्टँड केला. कंत्राटदाराने विचारलं होतं, "इथं खाली काही आहे का?" मी जेवत होतो. "काही नाही, टाका," म्हणालो होतो.

ब्लॉक काढले. खालची माती राखेसारखी कोरडी, पट्टी गंजून तुटलेली. शेठनी ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दीड दिवस लागला. नवी प्लेट, कोळसा, मीठ, पाण्याचा टँकर. शिलाईच्या मशिनी एकेक उघडल्या. सोललेली वायर निघाली शोभाबाईंच्याच मशीनमध्ये, मोटारीच्या मागे. सगळं जोडल्यावर परत मीटर लावला, तेव्हा कुठं शेड चालू केल्या. कंटेनर शनिवारी नाही, सोमवारी गेला.

निरोपाला कॅन्टीन भरलं होतं. मी बूट बाहेर काढले. मीटरने तीनदा बघून झालं होतं, तरी गिटार गळ्यात घातल्यावर तारेला आधी हाताची उलटी बाजू लावली. मग ओठाऐवजी बोट माईकला लावलं. काही नाही. मामांनी गाणं उचललं ते भलत्याच पट्टीत. मी त्यांच्या मागे धावत राहिलो. ती अवघड कॉर्ड पाच तारांवर बसली, सहावी राहिली ती राहिलीच. कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा रडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नंतर चहाच्या वेळी शोभाबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. "शोभाबाई, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं तेव्हाच नीट बघायला हवं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "व्हय की सायेब. पंदरा दिस मला चावत हुतं, तवा काय न्हवतं. तुमाला एकदा चावलं आन् सगळी कंपनी बंद झाली."

त्यांनी कप उचलला आणि चहा संपवला.

दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "गिटार बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे.

रजिस्टर आता बदललंय. दर महिन्याला मशीनवर बसणारी बाई अनवाणी पायाने हात लावून काय वाटतं ते सांगते, मी मीटर घेऊन शेजारी उभा असतो. मुंग्या आल्या असं ती म्हणाली, तर मीटर काहीही दाखवो, मशीन उघडायची. पहिली सही तिची. माझी तिच्याखाली.