पिवळ्या डागाचा ग

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. अंगणवाडीचं छप्पर गळतं, म्हणून ती माझ्या पडवीत भरते. मी चौथीत शाळा सोडलेला म्हातारा, तरी रोज पहिल्या रांगेत! तिथं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गोचिडीसारखे आपणहून चिकटतात.

शिकवायला सुनंदाताई. त्या म्हणतात, "आबा, अक्षर वाचायच्या आधी मुलाला नीट बघता आलं पाहिजे."

म्हटलं, "मग मी मोतीबिंदू काढूनच येतो!"

*

एकदा ताईंनी चार गाईंचं चित्र लावलं. तिघी सारख्या, एकीला शिंगं नाहीत.

"वेगळी कोणती?"

शेजारच्या बंड्यानं शिंगवालीवर बोट ठेवलं. "ही. गाभण हाय."

ताई चित्राजवळ गेल्या. मीही गेलो. पोट मोठं होतं खरं!

*

"चित्रात मांजर लपलंय, शोधा."

माझ्या नातीनं, गौरीनं, कागद उलटा करून मागं पाहिलं. मग सतरंजीखाली पाहिलं. "ताई, पळालं ते."

मी दाराआडून "म्यांव" केलं. वर्ग तिथंच सुटला!

*

ह्या गौरीचंच अवघड होतं. अक्षरं ओळखली नाहीत, तर आणखी एक वर्ष अंगणवाडीतच. मैत्रीण पिंकी मात्र पहिलीला चाललेली.

गौरी रडकुंडीला आली. "पिंकी गेली तर मी भांडू कोणाशी?"

*

ताईंनी अक्षरांची कार्डं केली. पहिल्याच दिवशी 'ग' खिचडीत पडला. पुसला, पण कोपऱ्यात पिवळा डाग राहिला. तेव्हापासून गौरीचा ग कधी चुकला नाही. लांबून, तिरका, उलटा, बिनचूक!

ताई खूश. मी एकदा सहज डागावर अंगठा ठेवून विचारलं, "हे काय गो?"

"आबा, अंगठा काढा. अक्षर दिसत नाय."

मी अंगठा काढला. ताईंना काही बोललो नाही.

*

मग महाडहून मॅडम आल्या, तपासणीला. पोरांना नुकतीच खिचडी वाढलेली. मॅडमनी पर्समधून कार्डं काढली. नवी, कोरी करकरीत!

ताई उत्साहानं म्हणाल्या, "मॅडम, गौरीला ग विचारा."

मॅडमनी ग धरला. "हे कोणतं अक्षर?"

गौरी बघत राहिली. पिंकी तिच्याकडं बघत राहिली. मी घाटाकडं बघत राहिलो.

"येत नाही का, बाळ?"

"अजून झालं नाय," गौरी म्हणाली. तिनं ताटलीत बोट बुडवलं आणि मॅडमच्या कार्डाच्या कोपऱ्यावर टेकवलं.

"आता ग!"