प्रवासाच्या यादीतलं पहिलं पुस्तक
इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की मला झाशीची रेल्वे कॉलनी आठवते. वडील गार्ड होते. हिंदीत वाढणाऱ्या आम्हा मुलांचं मराठी सुटू नये म्हणून त्यांनी सुट्टीत वर्ग काढला, विषय ठरवला प्रवास, आणि पाठकोऱ्या कागदावर आपली आवडती पुस्तकं गाड्यांच्या वेळापत्रकासारखी मांडली. यादी ऐकून आई म्हणाली, "अहो, यातली एकही बाई गावाबाहेर पडत नाही." मग तिच्याच ट्रंकेतलं, एकटीनं काशीला निघालेल्या बाईचं पुस्तक वडिलांनी सगळ्यात वर लिहिलं. म्हणाले, "हे तू शिकव." रविवारी आईनं पदर खोचून उभ्यानंच शिकवलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काकी, उसको डर नहीं लगा?" आई अडखळली. "काय माहीत गं, मी कुठे एकटी गेलेय?" पुढच्या महिन्यात वडिलांनी एकट्या तिच्या नावाचा पास आणून दिला. माहेरहून परतल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं त्या मुलीला हाक मारली, "भीती वाटते गं, पण बीना स्टेशन येईपर्यंतच. पुढे खिडकीबाहेरचं दिसायला लागतं." आता मी कॉलेजात शिकवते. नवा अभ्यासक्रम आखताना हात थबकला, की मनाशी म्हणते, बीना येऊ दे.