पाठराखीण म्हणून आलेलं पिल्लू

माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून आत्या येणार होती. नव्या नवरीसोबत माहेरचं कुणीतरी बाईमाणूस सासरी जातं, थोडे दिवस तिच्या पाठीशी राहतं आणि नवरी मांडवपरतणीला माहेरी निघाली की तिच्याबरोबरच माघारी येतं, अशी आमच्याकडची रीत. आत्याची तयारी जोरात होती. पण आमच्या टेंभुर्णीची शीव यायच्या आत ती बैलगाडीतच ओकायला लागली. लग्नातली बुंदी अंगाशी आली होती. तिला तिथेच उतरवलं. नवरीची गाडी मागे फिरवायची नसते, म्हणून मी तशीच पुढे निघाले. मांडीवर कुत्र्याचं पिल्लू होतं. निघताना मी फारच रडले, तेव्हा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, ते माझ्या पदरात टाकलं होतं. आई मेलेलं ते पिल्लू त्यानेच बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं.

राजूरला उतरलो तर दारात शेजारच्या बाया जमलेल्या. एकीने विचारलं, "पाठराखीण कोण आली मंग?"

माझी मान खाली. सासूबाई मात्र मान खाली घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. व्याह्यांनी कुणी धाडलंच नाही, असं गावात झालं असतं तर कमीपणा त्यांना होता. माझ्या पदरातून बाहेर आलेलं नाक त्यांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ही काय, आली न्हाई का?"

बाया हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, आणि तिथेच पंचाईत झाली. चारचौघींत तोंडातून निघालेलं मागे घेणं त्या बाईला ठाऊकच नव्हतं.

पिल्लू नर होतं, तिकडे सगळ्यांनी काणाडोळा केला. पाठराखिणीला वेगळं अंथरूण लागतं, तर ओसरीवर नवी घोंगडी पडली. पाठराखीण जेवल्याशिवाय घरातल्यांनी जेवायचं नसतं, तर माझे सासरे, निजामाच्या काळात तालुक्याच्या कचेरीत भल्याभल्यांना गप्प केलेले, ताटावर हात आखडून पिल्लू दूधभाकरी संपवतं का ते बघत बसायचे. एकदा ते वाडग्यात पाय घालूनच झोपलं. सासऱ्यांनी विचारलं, "आता जेवू का?" सासूबाई म्हणाल्या, "जल्दी काय हाय? उठू द्या तिला."

पाठराखिणीला कुणी बोलायचंही नसतं. तिने सासऱ्यांच्या वहाणेचा अंगठा खाल्ला, जात्यापाशी मुतली, दिराच्या धोतराला लोंबकळली. सासरे ती वहाण फरफटत गणपतीच्या देवळात जाऊन आले आणि वाटेत भेटेल त्याला पाय मुरगळल्याचं सांगत सुटले.

दिवस कलला की पिल्लू दाराकडे तोंड करून कुईकुई करायचं. "माहेराची आठवण येऊन राह्यली तिला," म्हणत सासूबाई त्याला मांडीवर घ्यायच्या, कान कुरवाळायच्या. मी हाताच्या अंतरावर भाकरी थापत बसलेली. माझे डोळे भरले तर म्हणायच्या, "लाकूड ओलं हाय वाटतं." मला त्या पिल्लाचा असा राग यायचा की एकदा तवा फेकून मारावा वाटलं. आणि त्याच्यावाचून माझा जीवही राहत नव्हता. त्या घरात मला आधीपासून ओळखणारं तेवढं एकच होतं.

मांडवपरतणीनंतर मला एकटीलाच परत यायचं होतं. पाठराखीण काही दुसऱ्यांदा येत नाही. सासूबाईंनी तिच्या पाठवणीचा खणही काढून ठेवला होता. मी धीर करून विचारलं, "हे इथंच ऱ्हायलं तर?"

"पाठराखीण कुठं ठेवून घेत असतेत का? व्याही काय म्हणतील? तिच्या घरी बराबर पोचती केली पाह्यजे."

मग दादा न्यायला आला. त्याने दारात पाऊल टाकलं तोच पिल्लू घोंगडीवरून उठलं आणि भुंकलं. तोवर ते कधी भुंकलंच नव्हतं. दादा हसत खाली वाकला, हात पुढे केला, तर पिल्लाने त्याचं धोतर दातांत धरलं आणि काही केल्या सोडेना. सासूबाई लगबगीने बाहेर आल्या. "भिऊ नका पाव्हणं," त्या म्हणाल्या, "आमचं कुत्रं हाय. वळखीचं माणूस नसलं की भुंकतंय."

शेजारच्या दोघी दारातून ऐकत होत्या. म्हणजे हेही आता मागे घेता येणार नव्हतं. पिल्लाचं पाठराखीणपण तिथेच संपलं. ते राजूरचं झालं आणि राजूरलाच राहणार होतं.

मला हवं होतं ते अगदी तसंच झालं, आणि मी त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने रडले. ज्याने बोळ्याने दूध पाजून वाढवलं, त्याला ते इतक्यात विसरलं होतं. उद्या माझंही असंच होईल, दादा आला की मीही त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघेन, याची मला भीती वाटली. सासूबाईंना वाटलं, दादा पिल्लू घेऊन जाईल म्हणून मी रडतेय. त्यांनी जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "न्हाई देत आपण त्याला."

त्या हाताखाली मला फार बरं वाटलं. दादा तिकडे दारात वाकून धोतर सोडवत होता, आणि मी सासूबाईंना "बरं" म्हणाले.